मुलांची सर्दी, सुजलेला डोळा आणि पिंपरीचं पेनिसिलिन

चार-पाच दिवसांची सर्दी असते. नाक चोंदलेलं, थोडा ताप, रात्री खोकला. मग एके दिवशी सकाळी मूल उठतं ते एक डोळा सुजवूनच. घरात लगेच तर्क सुरू होतात. डास चावला असेल, रांजणवाडी होत असेल, डोळे आले असतील. कुणी कोमट पाण्याने शेकायला सांगतं, कुणी गुलाबपाणी घालायला. बहुतेक वेळा सूज दोन दिवसांत उतरते आणि विषय संपतो.

काही वेळा मात्र संपत नाही. नाकाशेजारच्या सायनसमधलं इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत उतरलेलं असतं. आज अशा मुलाला वेळेवर हॉस्पिटलमध्ये आणलं तर ते बहुधा डोळा आणि जीव दोन्ही शाबूत ठेवून घरी जातं. शंभर वर्षांपूर्वी असं नव्हतं. हा फरक कसा पडला, त्याची हकिगत आज सांगणार आहे. त्यातला एक तुकडा आपल्या पिंपरीत घडलेला आहे, म्हणून पुणेकरांना तो माहीत असावा असं मला वाटतं.

आधी थोडी शरीररचना, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. नाकाच्या आजूबाजूला, हाडांच्या आत, हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. गालामागची एक जोडी, कपाळातली एक, अगदी मागे एक, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक खणांचा एक पुंजका. या पुंजक्याला एथमॉइड सायनस म्हणतात. कपाळातला सायनस मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत नीट तयारच झालेला नसतो. एथमॉइड मात्र जन्मापासून असतो. आणि त्याच्या व डोळ्याच्या मध्ये हाडाचा जो पडदा आहे तो इतका पातळ आहे की शरीरशास्त्रज्ञांनी त्याचं नावच ‘कागदी पापुद्रा’ ठेवलं: लॅमिना पॅपिरेशिया. पॅपिरस म्हणजे जुन्या इजिप्तमधला लिहिण्याचा कागद. कवटीचं हाड उजेडासमोर धरलं तर या भागातून उजेड आरपार दिसतो. शिवाय त्यात रक्तवाहिन्यांसाठी छोटी भोकं असतात, आणि या भागातल्या शिरांतून रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं. म्हणजे पू अडवायला इथे फारशी तटबंदीच नाही. लहान मुलांमध्ये डोळ्याच्या खोबणीतलं इन्फेक्शन बहुतांशी याच वाटेने येतं.

नाक आणि डोळा यांचा हा संबंध आपल्याकडे फार जुन्या काळी लक्षात आला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्याय म्हणजे सर्दीवर स्वतंत्र अध्याय आहे. सर्दी दुर्लक्षित राहून वाढली तर बहिरेपण, आंधळेपण, वास न येणं आणि डोळ्यांचे भयंकर विकार होतात, असं तिथे सांगितलं आहे. आतली वाट सुश्रुतांना दिसली असण्याचा संभव कमी, पण रोग्याकडे बारकाईने पाहणाऱ्या वैद्याला दोन घटनांचा क्रम दिसला होता, आणि माझ्या मते हीच मोठी गोष्ट आहे.

वाट दिसायला शवविच्छेदनाची गरज होती. १६५१ साली नॅथॅनियल हायमोर या इंग्रज डॉक्टरने गालामागच्या सायनसचं वर्णन छापलं. त्याच्याकडे आलेल्या एका बाईचा दात काढल्यावर पडलेल्या भोकात पिसाची काडी घातली तर ती आत जातच राहिली, आणि ती मेंदूत गेली की काय म्हणून बाई घाबरली. पुढे १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या एमिल झुकरकांडल यांनी नाकाच्या पोकळीवरचा मोठा ग्रंथ काढला आणि सायनसचे कानेकोपरे डॉक्टरांना कळले. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. त्यात सायनसमधला पू धूसर दिसे, पण डोळ्यामागे काय चाललंय ते काहीच दिसत नसे.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना रोग कळत होता, औषध मात्र नव्हतं. करता येण्यासारखी गोष्ट एकच: गळू पिकलं की चीर देऊन पू बाहेर काढायचा. तोपर्यंत शेक, विश्रांती आणि वाट पाहणं. अँटिबायोटिक्सच्या आधीच्या काळातला जो आकडा पाठ्यपुस्तकांतून वारंवार दिला जातो तो असा, की डोळ्याच्या खोबणीत इन्फेक्शन झालेल्या १०० पैकी सुमारे १७ रुग्ण मेंदूच्या आवरणाला सूज येऊन दगावत, आणि वाचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांची त्या डोळ्याची नजर कायमची जाई. आपल्या वस्तीतल्या गोवर, कुपोषण आणि उशिराच्या काळात हे प्रमाण याहून बरं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. ससून हॉस्पिटल १८६७ पासून उभं होतं, पण पू काढण्यापलीकडे तिथल्या सर्जनच्या हातात लंडनच्या सर्जनपेक्षा जास्त काही असणं शक्य नव्हतं, आणि कमीही नव्हतं.

१९३७ मध्ये ह्युबर्ट नावाच्या डॉक्टरने सायनसमुळे डोळ्याच्या खोबणीत इन्फेक्शन झालेल्या ११४ रुग्णांचा अभ्यास न्यूयॉर्क राज्याच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि त्यांचे प्रकार पाडले. पापणीपुरती सूज वेगळी, हाडाला चिकटून साचलेला पू वेगळा, खोबणीच्या आतला वेगळा. औषध नसतानाही वर्गवारी करायचा हा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. कुणाला चीर द्यायची आणि कुणाला नाही हे ठरवायला तीच उपयोगी पडत होती.

मग ऑक्सफर्ड. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये लावला हे सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं. ते माणसाला देता येईल इतकं शुद्ध करण्याचं काम मात्र हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धाच्या धामधुमीत केलं. ज्या पहिल्या रुग्णावर त्याचा उपचार म्हणून वापर झाला, तो आपल्या आजच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. अल्बर्ट अलेक्झांडर हा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई. चेहऱ्यावर सुरू झालेलं इन्फेक्शन टाळू आणि डोळ्यांपर्यंत पसरलं होतं. एक डोळा काढून टाकावा लागला होता. (गुलाबाचा काटा लागून हे झालं अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिच्या खरेपणाबद्दल आता शंका घेतली जाते.) १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याला पेनिसिलिन सुरू केलं. ताप उतरला, तो जेवू लागला. पण जगातलं सगळं पेनिसिलिन काही दिवसांत संपलं. त्याच्या लघवीतून उतरलेलं औषध पुन्हा गाळून त्याला देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. तरी पुरलं नाही, आणि १५ मार्चला तो गेला.

यानंतर त्या डॉक्टरांनी शक्यतो लहान मुलांवर उपचार करायचं ठरवलं, कारण मुलांना डोस कमी लागतो. त्यात साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. गोवर झाल्यावर त्याच्या पापणीवरचे फोड पिकले, इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून कवटीच्या आत कॅव्हर्नस सायनसपर्यंत गेलं. इथे एक खुलासा. या नावातला ‘सायनस’ हवेचा नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेला रक्ताचा हौद आहे. तिथे गुठळी झाली की त्या काळी मरण जवळजवळ ठरलेलंच. हा मुलगा पेनिसिलिनवर शुद्धीवर आला, बोलू लागला, सूज ओसरली. आणि मग आधीच्या इन्फेक्शनने पोखरलेली मेंदूतली रक्तवाहिनी अचानक फुटून तो गेला. शवविच्छेदनात इन्फेक्शन जवळपास नाहीसं झालेलं दिसलं. औषधाने काम केलं होतं. त्याला ते थोडं आधी मिळायला हवं होतं.

आता पिंपरीकडे येऊ. युद्ध संपलं तेव्हा पेनिसिलिन अमेरिका-इंग्लंडमध्ये मुबलक झालं होतं. आपल्याकडे ते आयात होई, महाग पडे आणि पुरत नसे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहेबसिंग सोखी यांचा आग्रह होता की हे औषध भारतातच बनलं पाहिजे. शेवटी भारत सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने कारखाना उभारायचं ठरवलं. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. औषधं बनवणारा हा देशातला पहिला सरकारी कारखाना. तेव्हाची पिंपरी आजच्यासारखी नव्हती, मुंबई-पुणे रस्त्यालगतचं एक गाव होतं.

पेनिसिलिन बनवणं म्हणजे एका अर्थी बुरशीची शेतीच. उंच पोलादी टाक्यांमध्ये बुरशीला साखर आणि नत्राचं खाद्य द्यायचं, चोवीस तास निर्जंतुक हवा सोडायची, तापमान सांभाळायचं. एक परका जंतू टाकीत शिरला की अख्खा घाणा वाया. मग द्रव गाळून त्यातून औषध वेगळं करायचं. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावू नये म्हणून आपली आजी जी काळजी घेते, तीच हजारो लिटरच्या टाकीपाशी घ्यायची. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. एच.ए. कॉलनी हे नाव पिंपरीत आजही पत्ता सांगताना वापरतात. ते कशावरून पडलं हे तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी तरुणांना माहीत नसतं.

त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जंतूपासून बुरशीविरोधी औषध शोधलं. जंतूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, औषधाचं हॅमायसिन. पहिल्यात पिंपरी आहे आणि दुसऱ्यात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं. आपल्या गावाचं नाव लॅटिनमध्ये वाचून मला अजूनही गंमत वाटते.

सरकारी दवाखान्यात पेनिसिलिन मिळू लागलं आणि सुजलेल्या डोळ्याच्या मुलाचं भवितव्य बदललं. इंजेक्शनच्या सुईची भीती सगळ्यांना होती, पण त्या सुईत जे होतं ते आधीच्या पिढीला मिळालं नव्हतं. त्या कारखान्याची पुढची कथा मात्र उतरणीची आहे. १९९० नंतर स्वस्त चिनी कच्च्या मालापुढे भारतातलं पेनिसिलिन उत्पादन टिकलं नाही आणि एच.ए. आजारी उद्योगांच्या यादीत गेली. अलीकडे आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिनचा नवा कारखाना सुरू झाला आहे. मधल्या काळात एवढ्या मूलभूत औषधासाठी आपण बाहेरच्यांवर विसंबून राहिलो, हे मला बरोबर वाटत नाही.

औषध आलं, तरी प्रश्न पुरता सुटला नव्हता. एक तर काही जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले, म्हणून आज या आजारात आपण दुसरी, त्याच्या पुढच्या पिढ्यांतली औषधं वापरतो. दुसरं म्हणजे, पू एकदा बंदिस्त झाला की रक्तातलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. मग कुणाला औषध पुरेल आणि कुणाला ऑपरेशन लागेल? १९७० मध्ये मायामीचे जेम्स चँडलर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ह्युबर्टच्या धर्तीवर पाच पायऱ्या मांडल्या. त्याच आजही जगभर वापरतात. पापणीच्या पडद्यापुढची सूज, खोबणीतल्या मांसल भागाची सूज, हाड आणि त्याचं आवरण यांमध्ये साचलेला पू, खोबणीच्या आतलं गळू, आणि शेवटी कॅव्हर्नस सायनसमधली गुठळी. मूल दर वेळी पायरी पायरीनेच खाली उतरतं असं नाही, पण डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला एक भाषा मिळाली.

त्यानंतर वर्षभरातच, १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डनच्या हॉस्पिटलात गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिला रुग्ण तपासला गेला. तो मेंदूचा होता, पण पुढे याच यंत्राने डोळ्यामागचा पू आधी दिसू लागला, चीर नंतर. दुर्बिणीतून नाकाच्या वाटेने सायनस मोकळे करण्याची पद्धत ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे मेसरक्लिंगर यांनी विकसित केली. चेहऱ्यावर व्रण न ठेवता तोच पू काढता येऊ लागला. आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या जेराल्ड हॅरिस यांनी एक उपयोगी गोष्ट दाखवली: नऊ वर्षांखालच्या मुलांमध्ये हाडालगतचा छोटा पू अनेकदा नुसत्या औषधाने जिरतो. लहान मुलांच्या सायनसची तोंडं त्यांच्या आकाराच्या मानाने मोकळी असतात आणि जंतू बहुधा एकाच जातीचा असतो. मोठ्या मुलांत व प्रौढांत निरनिराळ्या जंतूंची सरमिसळ असते. म्हणूनच तुमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या स्कॅनमध्ये ‘पू आहे’ असं लिहून आलं आणि डॉक्टर म्हणाले की २४ ते ४८ तास इंजेक्शनं देऊन पाहू, तर ते टाळाटाळ करत नाहीत. नजर पूर्ण चांगली असेल, पू थोडा असेल आणि नाकाच्या बाजूलाच असेल, तरच हे करतात. नजर कमी होऊ लागली तर थांबत नाहीत.

पुण्याचा आणखी एक धागा लशींचा आहे. पूर्वी पाच वर्षांखालच्या मुलांत गाल आणि पापणी लालजांभळी सुजवणारा एक नेहमीचा जंतू होता, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी, म्हणजे हिब. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या दशकात त्यावरची लस आली आणि या जंतूचे रुग्ण झपाट्याने घटले. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ती पेंटाव्हॅलंट या पंचगुणी लशीतून आली. २०११ च्या डिसेंबरात केरळ आणि तमिळनाडूत सुरुवात झाली, मग टप्प्याटप्प्याने महाराष्ट्रासह सगळीकडे. न्यूमोकोकस हा सायनसचा दुसरा मोठा जंतू. त्याची लस २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये या दोन्ही प्रकारच्या लशी बनतात. तुमच्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि पेंटा व पीसीव्ही या दोन्हींपुढे तारखा आहेत का ते बघा. नसतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

२०२१ च्या उन्हाळ्यातला काळ्या बुरशीचा आजार तुम्ही विसरला नसाल. तोही नाकातून याच कागदी भिंतीने डोळ्यात जात होता, पण तो मुख्यतः कोविड, अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड असलेल्या प्रौढांचा आजार होता. तेव्हा ज्या अँफोटेरिसिनसाठी लोक शहरभर वणवण करत होते, ते पिंपरीच्या हॅमायसिनच्याच कुळातलं औषध. मुलांच्या सर्दीचा त्या आजाराशी संबंध जोडून घाबरू नका.

सर्दी झालेल्या मुलांपैकी शंभरात पाच-दहा जणांनाच जंतूंचा सायनसचा त्रास होतो आणि त्यातल्याही फार थोड्यांच्या डोळ्यापर्यंत तो जातो. सर्दी दहा दिवस होऊनही कमी होत नसेल, बरी होता होता पुन्हा ताप चढला असेल, किंवा तीन-चार दिवस जोराचा ताप आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड असेल, तर दाखवून घ्या. डोळा सुजला तर पापणी हलकेच उचलून बघा. आतला डोळा पांढरा आहे, मूल तुमच्या बोटामागे सगळीकडे डोळा फिरवतंय, नीट बघतंय, तर सूज बहुधा पापणीपुरती आहे. तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर नक्कीच. पण डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय, फिरवताना दुखतोय किंवा फिरतच नाही, एकाचे दोन दिसतात, लाल रंग फिका दिसतो, किंवा सुजेमुळे पापणी उघडताच येत नाही, तर रात्र असली तरी नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि सीटी स्कॅन या तिन्ही गोष्टी असलेल्या हॉस्पिटलात जा. डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा दुसराही डोळा सुजणं याचा अर्थ उशीर होतोय. घरी ठेवलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नका, दाबून पू काढू नका, आणि मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक अर्धवट देऊ नका.

दाखल केल्यावर शिरेतून औषध सुरू होतं आणि नर्स दिवसरात्र दर काही तासांनी टॉर्च घेऊन येते, मूल झोपलं असलं तरी. बाहुली उजेडाला आकुंचन पावते का, रंग ओळखतंय का, डोळा फिरतो का, हे ती पाहते. पालक वैतागतात, पण ती तपासणी चुकवू नका, कारण डोळ्याच्या नसेवर दाब वाढतोय हे सगळ्यात आधी तिथेच कळतं. सुधारणा झाली की तोंडाने घ्यायचं औषध देऊन घरी सोडतात. सगळं मिळून औषध साधारण दोन ते तीन आठवडे चालतं. मूल चौथ्या दिवशीच सोसायटीत खेळायला लागलं तरी शेवटचा डोस द्यायचाच असतो, आणि आठवड्याभराने नजर व नाक दोन्ही पुन्हा तपासून घ्यायचं असतं.